वाटेवरचा जाळ

गेल्या दिवाळीत धाकटा मुलगा अमेरिकेतून आला, तेव्हा त्याने एक छायाचित्र दाखवले. कोलोरॅडोच्या डोंगरात मित्रांनी तंबू ठोकला आहे, बाजूला सामानाची छोटी जोडगाडी उभी आहे, आणि तिच्या मागच्या दिव्याची तुटलेली तार एक जण डाग देऊन जोडतो आहे. त्याच्या हातात वीतभर उंचीची, मुठीत मावणारी एक टाकी आणि तिच्या माथ्यावर वाकलेली पितळी नळी. नळीच्या तोंडाशी निळा, टोकदार जाळ. ‘बाबा, हा प्रोपेनचा टॉर्च. सोबत असला की वाटेवरची निम्मी काळजी मिटते,’ तो म्हणाला. आमच्या सौभाग्यवतींनी चिंतेने विचारले, ‘अरे, विमानातून आणलास की काय?’ ‘नाही गं आई, विमानात नेऊच देत नाहीत.’ विषय तिथेच संपला आणि पुढे चकल्यांवर गेला.

माझ्या मनातून मात्र तो निळा जाळ जाईना. एकतर असाच जाळ मी सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी निमाडातल्या एका घाटात मध्यरात्री पाहिला होता. त्याची हकीकत पुढे येईल. दुसरे असे की, महसूल खात्यातल्या नोकरीच्या काळात याच जाळाचे एक फार वेगळे रूप मला सरकारी दवाखान्यांच्या जळीत कक्षांत पाहावे लागले. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळू लागला, तेव्हा या दोन्ही रूपांचे मूळ एकच, आणि तेही एकाच शहरातले, असे लक्षात आले. ती हकीकत सांगण्याचा हा प्रयत्न.

विस्तव पेटवणे ही माणसाची जुनी विद्या. पण विस्तवाला धार आणणे ही निराळी विद्या आहे. चुलीतले लाकूड जळते त्या आचेवर भात शिजतो, परंतु धातू वितळत नाही. त्यासाठी जाळाला वारा द्यावा लागतो. आपल्या आज्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसत, सोनार फुंकनळीने दिव्याची ज्योत वाकवून दागिन्याच्या सांध्यावर धरी, कल्हईवाला दारात खड्डा खणून भाता लावी आणि नवसागराच्या धुरात कथलाचा तुकडा पातेल्यावर फिरवी. घिसाडी आणि आमच्या माळव्यातले गाडीवाले लोहार तर संपूर्ण भट्टीच बैलगाडीत घालून गावोगाव हिंडत. वाटेवरच्या दुरुस्तीची आपल्याकडची व्यवस्था ती हीच. आपल्यापैकी ज्यांचे पूर्वज अठराव्या शतकात होळकर-शिंद्यांच्या फौजांबरोबर या मुलखात आले, त्यांनी आणखी एक प्रकारचा जाळ सोबत वागवला असला पाहिजे, तो म्हणजे तोड्याच्या बंदुकीची जामगी. ती धुमसत ठेवावी लागे. पावसात विझली तर बंदूक आणि काठी यांत फरक उरत नसे.

या सर्व साधनांत एक गोष्ट समान आहे. फुंकणारा कोणीतरी लागतो. तोंडाने फुंका, भात्याने फुंका, पण एका हाताने काम आणि दुसऱ्या हाताने वारा ही ओढाताण चुकत नाही. ती चुकवली एका स्वीडिश कारागिराने.

कार्ल रिचर्ड न्यूबेरी हे त्याचे नाव, जन्म १८५८ चा. १८८१-८२ च्या सुमारास त्याने स्टॉकहोममध्ये एक हातात धरण्याचा दिवा बनवला आणि विकायला सुरुवात केली. आपल्याकडचे मिस्त्री त्याला ब्लो लॅम्प म्हणतात. कल्पना अशी की, टाकीतले द्रव इंधन तापलेल्या नळीतून जाताना आपोआप वाफ होते, त्या वाफेचा दाब वाढतो, आणि ती एका सूक्ष्म छिद्रातून जोराने बाहेर पडताना आजूबाजूची हवा ओढून घेते. हवा आणि वाफ यांचे मिश्रण पेटले की पिवळा, काजळी धरणारा जाळ निघत नाही. निळा आणि प्रखर जाळ निघतो. म्हणजे जाळच स्वतःला फुंकतो. सुरुवातीला नळी तापवण्यापुरते थोडे स्पिरिट जाळले की झाले. हा न्यूबेरी पुढे विमानाच्या नादी लागला. आपल्या यंत्राला त्याने ‘फ्लुगान’ म्हणजे माशी असे नाव दिले, वर्षानुवर्षे त्यावर पैसा ओतला, पण माशी काही उडाली नाही. दिव्याने मात्र जग पाहिले.

त्याच स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाचा एक कारखान्यातला मेकॅनिक होता. त्याने १८९२ मध्ये जे केले ते सांगायला एका वाक्याचे काम आहे. ब्लो लॅम्पचा आडवा जाळ त्याने उभा केला. बर्नर वरच्या दिशेला वळवला, खाली पितळी टाकी आणि हवा भरायला पंप, वर भांडे ठेवायला तिकाटणे. त्याला त्याने प्रायमस हे नाव दिले. वाचकांपैकी पन्नाशी उलटलेल्यांना याहून अधिक वर्णनाची गरज नाही. काकडा पेटवून बर्नर तापवणे, चावी आवळणे, हवा मारणे, मग तो घूंघूं आवाज, मध्येच जाळ पिवळा पडला की पिन घालणे हे सारे आपल्या हातांना अजून पाठ आहे. पंपातला चामड्याचा वॉशर वाळला की तो हवा धरत नाही आणि त्याला गोडे तेल पाजावे लागते, हेही आपल्याला ठाऊक आहे. हा चामड्याचा वॉशर वाचकांनी कृपया लक्षात ठेवावा.

प्रायमसची पहिली मोठी परीक्षा आपल्या स्वयंपाकघरात झाली नाही, ती उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात झाली. नॉर्वेचा फ्रित्यॉफ नान्सेन १८८८ मध्ये ग्रीनलँड ओलांडताना स्पिरिटच्या शेगडीवर अवलंबून होता. १८९३ मध्ये ‘फ्राम’ जहाजातून निघताना त्याने प्रायमस घेतला. १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन आणि यालमार योहान्सेन असे दोघेच जहाज सोडून कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन उत्तरेला निघाले आणि ८ एप्रिलला ८६ अंश १४ मिनिटे अक्षांशापर्यंत पोहोचले. तोवर कोणीही इतक्या उत्तरेला गेले नव्हते. त्या प्रदेशात बर्फाशिवाय काही नाही, पण पाण्याचा थेंब नाही. बर्फ वितळवल्याखेरीज पिता येत नाही, आणि त्यासाठी लागणारे प्रत्येक शेर इंधन स्वतः ओढून न्यावे लागते. म्हणून थोड्या रॉकेलात जास्त आच देणारा स्टोव्ह तिथे चैनीची वस्तू नव्हता. त्याच्यावर किती दिवस चालता येईल हे ठरत होते. नान्सेनने भांड्यांचीही अशी रचना केली की, वर चढणारी उष्णता बाहेरच्या भांड्यातला बर्फ वितळवूनच बाहेर पडावी. पुढे फ्रान्झ योसेफ द्वीपसमूहावर दगड-कातड्याच्या झोपडीत या दोघांनी हिवाळा काढला तो मात्र वॉलरसच्या चरबीच्या दिव्यावर, आणि ते दिवे नान्सेनने घसरगाडीच्या पट्ट्यांचा जर्मन सिल्व्हरचा पत्रा वाकवून घडवले होते. सोबतच्या वस्तूचा वाटेवर दुसरा उपयोग करणे ही कला त्याला चांगलीच साधलेली होती.

दोनच वर्षांनी, ११ जुलै १८९७ रोजी, स्वीडनचा सालोमन आंद्रे दोन तरुण सहकाऱ्यांसह हायड्रोजनच्या फुग्यातून ध्रुवाकडे निघाला. फुग्यात हायड्रोजन आणि खाली स्वयंपाकाला जाळ, ही जोडी किती भयंकर हे सांगायला नको. त्यांनी काढलेली युक्ती मोठी गमतीची होती. शेगडी टोपलीपासून काही मीटर खाली दोरीने सोडायची, ती लांबूनच पेटवायची आणि लांबूनच विझवायची. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला, पुढे तिघे महिनोन्‌महिने पायी भटकले आणि क्वितोया नावाच्या एका ओसाड बेटावर संपले. १९३० मध्ये त्यांचा तळ सापडला. त्यात एक प्रायमस होता. तेहतीस वर्षे बर्फात पडलेल्या त्या स्टोव्हमध्ये हवा भरून पाहिली तर तो चालू स्थितीत निघाला. बंद तंबूत याच स्टोव्हच्या विषारी वायूने ते गुदमरले असावेत, असाही एक तर्क त्यांच्या मृत्यूविषयी मांडला गेला. तर्क आणखीही आहेत. यंत्र निर्दोष होते, एवढे खरे.

आता दक्षिण ध्रुव. या विषयावर मराठीतही पुष्कळ लिहिले गेले आहे आणि अमुंडसेन मोठा की स्कॉट हा वाद रंगवण्याची मला हौस नाही. मला फक्त रॉकेलच्या डब्यांविषयी बोलायचे आहे.

दोघांच्याही तुकड्यांकडे प्रायमस होते. दोघांनीही जाताना वाटेवर ठिकठिकाणी अन्न आणि रॉकेल पुरून ठेवले होते, परतताना वापरण्यासाठी. १४ डिसेंबर १९११ रोजी अमुंडसेन ध्रुवावर पोहोचला. १७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट आणि त्याचे चार सहकारी तिथे पोहोचले आणि त्यांना दुसऱ्याचा तंबू दिसला. परतीच्या वाटेवर स्कॉटच्या तुकडीला एकामागून एक ठेव्यांमध्ये रॉकेल कमी सापडू लागले. डबे होते, झाकणे होती, आतले तेल मात्र घटलेले होते. स्कॉटने आपल्या शेवटच्या निवेदनात या तुटीचा उल्लेख केला आहे आणि तिचे कारण आपल्याला उमगत नाही असेही म्हटले आहे.

कारण पुढे उमगले ते असे. डब्यांच्या फिरकीच्या झाकणाखाली चामड्याचे वॉशर होते. कडाक्याच्या थंडीत ते कडक झाले, आक्रसले, आणि उन्हात डबा तापला की आतली वाफ त्या फटींतून निघून जाई. ‘वन टन’ नावाच्या मोठ्या ठेव्यात तर गळलेले रॉकेल शेजारच्या अन्नावर सांडलेले आढळले. डब्यांच्या सांध्यातले कथील थंडीने भुकटी होऊन गळले अशी एक चमकदार कथा सांगितली जाते. कथलाला तसा रोग होतो हे खरे, पण इथे तो झाला याला पक्का पुरावा नाही. चामड्याचा पुरावा आहे. आपल्या आईने किंवा आजीने शेगडीपुढे बसून ज्या वॉशरला तेल पाजले, त्याच जातीचा वॉशर.

रॉकेल कमी म्हणजे ऊब कमी, एवढाच त्याचा अर्थ आपण इंदूरला बसून लावतो. तिथे त्याचा अर्थ पाणी कमी असा होतो. दिवसभर गाडी ओढलेल्या माणसाला संध्याकाळी अर्धाच कप पाणी, अर्धवट कोमट जेवण, आणि ओले मोजे वाळवायला आच नाही. स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स यांचा शेवटचा तळ वन टन ठेव्यापासून अकरा सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे वीस किलोमीटरवर पडला, आणि मार्च १९१२ च्या अखेरीस ते तिथेच गेले. केवळ वॉशरमुळे गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. वादळ होते, उपासमार होती, उशीर झाला होता. पण फिर्यादीत आरोपी अनेक असले तरी एकाचे नाव वगळता येत नाही, हे मी नोकरीत शिकलो.

अमुंडसेनने आपल्या रॉकेलच्या डब्यांची तोंडे डाग देऊन बंद केली होती. चामडे नाही, फिरकी नाही, धातूवर धातू. हे काम गाजावाजा करण्यासारखे नव्हते. त्याच्या घवघवीत यशाच्या वर्णनांत ते एखाद्या ओळीत येते आणि जाते. पण त्याची साक्ष निराळ्या रीतीने उरली. परतताना जानेवारी १९१२ मध्ये त्याने माउंट बेटी या टेकडीवर दगडांची एक रास रचून तिच्यात सतरा लिटर रॉकेलचा डबा, काड्यापेट्यांच्या वीस डब्या आणि एक चिठ्ठी ठेवली. डिसेंबर १९२९ मध्ये लॉरेन्स गूल्ड या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाच्या तुकडीला ती रास सापडली. जवळजवळ अठरा वर्षे झाली होती. डबा जसाच्या तसा होता, तेलासह.

हे वाचले त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. हातातल्या दिव्याने कथील वितळवून सांधा बुजवणारा कोणी एक माणूस आणि फिरकी आवळून पुढच्या डब्याकडे वळणारा दुसरा माणूस, दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक. मी स्वतः आयुष्यभर फिरकी आवळून सही करणाऱ्यांच्या वर्गातला.

वाटेवरच्या दुरुस्तीचा खरा नायक मात्र मला १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत भेटला. अँड्र्यू आयर्विन, वय वर्षे बावीस, ऑक्सफर्डचा विद्यार्थी, हिमालयाचा अनुभव शून्य. मग त्याला का नेले? कारण त्याच्या हातात जादू होती. मार्चमध्ये दार्जिलिंगहून निघाल्यापासून तिबेटच्या पठारावरून चालताना, दिवसभराची मजल संपली की बाकीचे तंबूत आडवे होत आणि हा पोरगा अवजारे काढून बसे. कोणाचा कॅमेरा, कोणाची खाट, कोणाचा दिवा, बंद पडलेला स्टोव्ह, सारे त्याच्यापुढे येई. ऑक्सिजनची उपकरणे इंग्लंडहून आली होती ती गळकी आणि अवजड होती. ती त्याने उघडून, नळ्या कमी करून, नव्या रीतीने जोडून हलकी केली. नॉर्थ कोलच्या उभ्या बर्फातून हमालांना वर चढता यावे म्हणून त्याने दोरीची एक शिडीही विणली आणि तिच्या पायऱ्यांना तंबूच्या खुंट्या वापरल्या. ८ जून १९२४ रोजी मॅलरीबरोबर तो शिखराकडे निघाला आणि दोघेही ढगांत दिसेनासे झाले. मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला. आयर्विनचा शोध शंभर वर्षे चालला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात रोंगबुक हिमनदीवर एक बूट आणि मोज्यावर शिवलेले त्याचे नाव मिळाले.

त्याच पर्वतावर २७ मे १९५२ च्या रात्री तेनझिंग आणि रेमंड लँबर्ट यांच्याकडे स्टोव्ह नव्हता. त्यांनी मेणबत्तीवर रिकाम्या डब्यात बर्फ वितळवून घसा ओला केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना शिखराच्या खालूनच परतावे लागले. वर्षाने, २९ मे १९५३ ला पहाटे, हिलरीचे बूट गोठून लाकडासारखे झाले होते. त्याने ते प्रायमसवर धरून नरम केले आणि मग पायात घातले. तेनझिंगने आपले बूट रात्री काढलेच नव्हते. स्टोव्हपेक्षा शहाणपण मोठे, असे म्हणण्याचा मोह इथे होतो, पण स्टोव्ह नसता तर त्या दिवशी एकाच माणसाला निघावे लागले असते.

आता दुसरी बाजू, जी लिहायला जड जाते. बर्फात इतका इमानी ठरलेला हा स्टोव्ह आपल्या घरांत आला तेव्हा त्याने बायकांची धुरातून सुटका केली, यात शंका नाही. पण कार्यपालक दंडाधिकारी म्हणून मृत्युपूर्व जबाब घेण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा, १९८० च्या दशकात, माझ्या वहीत एकच वाक्य पुन्हापुन्हा येत गेले: ‘चहा करताना स्टोव्हचा भडका उडाला.’ बोलणाऱ्या बाईचे वय बहुधा वीस-बावीस. दाराबाहेर सासरची मंडळी. कधी तो खरोखर भडका असे, कारण पिन न करता पंप मारत राहिले, किंवा विझलेल्या गरम बर्नरवर रॉकेल उसळले, की स्टोव्ह उलटतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कधी स्टोव्ह थंडच असे, आणि मला ते पंचनाम्यात दिसे. १९८३ मध्ये कायदा बदलला, लग्नानंतर सात वर्षांच्या आत मेलेल्या स्त्रीची चौकशी सक्तीची झाली, १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम आले. पण बाईने ‘भडका’ म्हटले की मी भडका लिहीत असे. तिला आणखी काही सांगायचे आहे काय, हे विचारण्याची माझी पद्धत होती, पण ती विचारताना दार लावून घ्यावे हे सुचायला मला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांतले जबाब कुठल्यातरी अभिलेख कक्षात आजही असतील. त्यांतल्या किती डब्यांची फिरकी मी नुसतीच आवळली, हे मला सांगता येणार नाही.

असो. घाटातली हकीकत सांगायची राहिली.

नोव्हेंबर १९८९ ची लोकसभा निवडणूक. मी नायब तहसीलदार. निमाडातल्या दुर्गम भागातून सहा मतदान केंद्रांच्या पेट्या जीपमध्ये घालून मुख्यालयी पोहोचवायच्या होत्या. पेट्यांवर लाखेची मोहर, सोबत दोन शिपाई, एक बंदूकधारी आणि एक ड्रायव्हर, ज्याला सारे उस्ताद म्हणत. रात्री अकराच्या सुमारास घाटात रेडिएटरने वाफ सोडली. टॉर्च मारून पाहिले तर खालच्या सांध्याला चीर. आसपास वस्ती नाही, टेलिफोन नाही, वायरलेस पोहोचत नाही. पेट्या सकाळपर्यंत पोहोचल्या नाहीत तर काय काय होऊ शकते याची यादी मी मनात करू लागलो आणि तिच्यात माझी नोकरी वरच्या क्रमांकावर होती.

उस्तादने काही न बोलता आसनाखालून एक कळकट पिशवी काढली. आत पितळी ब्लो लॅम्प, तांब्याची डाग देण्याची काठी, कथील-शिशाची कांडी आणि बाटलीत जस्त मारलेला तेजाब. आधी त्याने पाणी काढून टाकले, चिंधीने सांधा पुसला, मग कानसीने घासून पितळ चकचकीत केले. ‘साहब, गीला हो तो पकड़ता नहीं,’ एवढेच तो बोलला. नंतर दिव्याच्या वाटीत स्पिरिट ओतून तो पेटवला. वाऱ्याने दोनदा विझला. तिसऱ्या वेळी शिपायाने घोंगडी आडवी धरली आणि मी, राजपत्रित होण्याच्या वाटेवरचा अधिकारी, टॉर्च धरून उकिडवा बसलो. निळा जाळ घुमू लागला. तेजाबाचा धूर नाकाला झोंबला, कथील क्षणभर थेंबासारखे थरथरले आणि मग पाण्यासारखे चिरेत शिरले. कथील-शिशाचा तो मिश्र धातू जेमतेम १८०-१९० अंशांना वितळतो. मोठा जाळ लावला तर रेडिएटरचे मूळचे सांधेच सुटतात. म्हणून सगळे कसब जाळ दूर ठेवण्यात असते, हे त्याने मला नंतर समजावले. ओढ्याचे पाणी भरून पहाटे चारला आम्ही पेट्या जमा केल्या. मी जो अहवाल लिहिला त्यात ‘किरकोळ यांत्रिक बिघाडामुळे विलंब’ असे लिहिले. उस्तादचे नाव त्यात नव्हते. ते घालायला हवे होते असे मला फार उशिरा वाटले, तोपर्यंत तो निवृत्त होऊन रतलामकडे कुठेतरी गेला होता.

त्या ब्लो लॅम्पची जागा आता मुलाच्या छायाचित्रातल्या टाकीने घेतली आहे. प्रोपेन हा वायू मार्सलँ बेर्तलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच ओळखला होता, परंतु तो बाटलीबंद करण्याची कहाणी अमेरिकेतली. १९१० च्या सुमारास वॉल्टर स्नेलिंग हा सरकारी खाण विभागातला रसायनशास्त्रज्ञ पेट्रोल हवेत का उडून जाते, या तक्रारीचा छडा लावत होता. उडून जाणाऱ्या भागात त्याला प्रोपेन आणि ब्यूटेन सापडले. दाबाखाली त्यांचे द्रव करून ठेवता येते हे त्याने दाखवले आणि १९१३ मध्ये त्याचे पेटंट निघाले. गळणाऱ्या, उडणाऱ्या इंधनाच्या तक्रारीतून हे निघावे, आणि तेही स्कॉटचे डबे बर्फात रिते होत होते त्याच वर्षांत, हा योगायोग मला विलक्षण वाटतो.

प्रोपेनचे गुपित त्याच्या उत्कलन बिंदूत आहे. शून्याखाली ४२ अंशांपर्यंत तो स्वतःहून वायू होत राहतो. म्हणून पंप नको, काकडा नको, नळी तापवणे नको. चावी फिरवली की वायू स्वतःच्या दाबाने बाहेर पडतो आणि न्यूबेरीच्याच युक्तीने हवा ओढून घेतो. ब्यूटेन शून्याच्या आसपासच सुस्तावतो, आणि आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये तो बराच असल्याने डोंगराळ मुलखात हिवाळ्यात गॅस मंद चालल्याची ओरड होते. मग सगळीकडे प्रोपेनच का नाही? कारण त्याचा दाब चौपट, म्हणून टाकी जाड आणि जड. पाठीवर ओझे वाहणारे गिर्यारोहक त्यामुळे मिश्र वायूच्या हलक्या डब्या पसंत करतात आणि प्रोपेनचा टॉर्च गाडीने जाणाऱ्यांच्या तळावर अधिक दिसतो. तार जोडणे, पितळी सांधा झाळणे, गंजून बसलेला बोल्ट तापवून सोडवणे, नायलॉनच्या दोरीचे फुटलेले टोक आच दाखवून बंद करणे, ही त्याची कामे. धोकेही नवे नाहीत. वायू हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तंबूच्या तळाशी साचतो. आणि बंद जागेत कुठलाही जाळ कार्बन मोनॉक्साइड सोडतो. १९३४ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकावर एकटा राहिलेला अमेरिकन अ‍ॅडमिरल बर्ड त्या वायूने मरता मरता वाचला. मुलाला मी हे सांगितले. तो म्हणाला, ‘बाबा, तंबूत पेटवतच नाही.’ उन्हाळ्यात रान वाळले की तिकडच्या जंगलात उघडा जाळ करायला बंदीही असते म्हणे, आणि ती मंडळी ती पाळतात.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने माळ्यावरून आमचा जुना प्रायमस काढला. माझ्या आईचा, तिच्या लग्नात माहेरहून आलेला. पितळ काळे पडले होते. त्याने पंपाचा दांडा ओढला, तो सैल हलला, हवा धरेना. मी चामड्याचा वॉशर काढून रात्रभर वाटीत गोड्या तेलात बुडवून ठेवला. सकाळी बसवला, बारा-पंधरा दट्टे मारले, आणि बर्नरच्या छिद्रातून सुंई आवाज आला. मुलगा ‘रॉकेल कुठे मिळेल?’ म्हणून दोन दुकाने फिरून आला. कुठेच नव्हते.